बायाक्काचा अंगठा

डोळा लागतो आणि लागत नाही, अशा त्या सांदीत मालन केव्हाची अडकली आहे. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर पडलंय. डोक्यावरचा पंखा फिरतो म्हणून फिरतो, वारा काही खाली उतरत नाही. समोर मोठं दुहेरी दार आणि दारावर लाल दिवा. त्या दाराच्या पलीकडे तिच्या नवऱ्याची छाती उघडून डॉक्टर कामाला लागलेत. सकाळी आत नेताना सर्जेरावांनी हात वर करून "येतो गं" म्हटलं होतं, बाजारला निघाल्यासारखं. तेव्हापासून मालन या बाकावर आहे आणि तिची नजर त्या दिव्यावर आहे. दिवा विझला की काम झालं, असं सिस्टर सांगून गेली. काम कसं झालं, ते मात्र दिवा सांगत नाही.

लेक सारिका तिला बळंबळं आडवी करून, पायाखाली कपड्यांची पिशवी सारून औषधं आणायला खाली गेलीय. पाय वर घेतले तरी ठणकतात. मानेमागे सकाळपासून कुणीतरी उखळात कांडतंय. मालन म्हणते, उपास आहे, पित्त चढलं असेल. नवरा आत असताना घास कसा गिळायचा, म्हणून हा उपास. आणि पित्ताचं काय, ते बिचारं कुणाचाही आळ मुकाट घेतं.

खरं कारण तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेलं आहे. पांढऱ्या, बारक्या गोळ्या. रोज सकाळी एक घ्यायची, ती तिनं घेतलेली नाही. सर्जेरावांना या दवाखान्यात आणल्यापासून एकही घेतलेली नाही. सारिकानं हातावर ठेवली की तोंडाकडे न्यायची, पाणी प्यायचं आणि गोळी गुपचूप पदरात बांधायची.

त्याचं असं झालं. गावातल्या डॉक्टरांकडे खरं तर सर्जेरावांना चक्कर येते म्हणून नेलं होतं. "आलाच आहात तर तुमचंही बघू," म्हणत डॉक्टरांनी मालनच्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी नवऱ्यापेक्षा बायकोचंच जास्त निघालं. सर्जेराव खूश. घरात तापट कोण हे आता यंत्रानंच सांगितलं, असं त्यांनी भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं. दोघांना गोळी एकच मिळाली. नाव जिभेला न पेलणारं, ॲम्लोडिपीन. डॉक्टर समजावून सांगणारे होते. रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम शिरलं की त्या भिंती आवळतात, म्हणाले. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते. मग नळी सैल पडते आणि दाब उतरतो. मालनला वाटलं, आता दूध सोडावं लागणार. सर्जेरावांना मात्र चटकन उमगलं. उभी हयात त्यांनी हळदीला पाणी पाजलेलं. "म्हंजे दारं धरायचंच काम की," ते म्हणाले. पाटाचं पाणी भसाभसा एका सरीत घुसलं तर बांध फुटतो, म्हणून शेतकरी सरीच्या तोंडाशी मातीचं दार करून पाणी अडवतो, तसंच हे. त्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर दोघं गोळी घेताना सर्जेराव म्हणायचे, "चल मालन, दारं धरू."

पुढे मालनचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि तिथं खळगा पडलेला दाखवला. "ही सूज गोळीमुळे. घाबरायचं कारण नाही, बोलता बोलता खळगा भरून येतो बघा. गोळी कमी करू, नाहीतर बदलू. पण आधी ती जोडवी काढा, बोटात रुतलीत." मालननं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. डॉक्टर हसत म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झाला की मोती काढतात, मावशी." ते हसणं मालनला टोचलं. सवाष्णीच्या पायातली जोडवी निघतात ती एकदाच, आणि तीही तिनं काढायची नसतात, दुसऱ्या बायकांनी काढायची असतात. हे शिकल्या-सवरल्या माणसाला कळू नये? ती पुन्हा त्या डॉक्टरांची पायरी चढली नाही.

मग एका सकाळी सर्जेराव छाती धरून ओसरीत बसले ते उठलेच नाहीत. गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली तेव्हा वेशीजवळ मरगूबाईचं देऊळ दिसलं. मालननं गाडीतूनच हात जोडले आणि मनात म्हणाली, आई, ह्यांचं राहू दे, माझं घे. भरल्या हातानं, भरल्या कपाळानं मला आधी ने. दुसऱ्या दिवशी जोडवी इतकी रुतली की पाय टेकवेना. नवरा असा पडलेला असताना जोडव्याला हात लावणं म्हणजे आपल्या हातानं अभद्र ओढवून घेणं. त्यापेक्षा सूज आणणारी गोळीच नको. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. गोळी सोडली की पाय उतरतील असं तिला वाटलं, पी हळद आणि हो गोरी. पाय थोडे उतरले आणि बाकावर बसबसून पुन्हा चढले. बीपीचं काय झालं, ते मानेमागचं उखळ सांगतंय. ते ऐकायची मालनची तयारी नाही.

पापणी जड होते. लाल दिवा एकाचे दोन होतो, पुन्हा एक होतो.

पायाशी कुणीतरी बसतं. पिशवी जराशी खचते. सारिका आली वाटतं, म्हणून मालन डोळे किलकिले करते. हिरवं नऊवारी दिसतं. कोपरापर्यंत हिरवा चुडा. आणि कपाळ कुंकवानं भरलेलं, केसांपासून भुवयांपर्यंत. असा मळवट बाईला लग्नात भरतात, नाहीतर तिरडीवर. ही बाई मालनची सासू बायाक्का आहे आणि मालननं तो मळवट तिरडीवरच पाहिलाय.

"आत्ती?" सासूला ती आत्तीच म्हणायची.

"व्हय. मीच. घाबरलीस?"

मेलेलं माणूस दिसलं तर काय करावं आणि काय करू नये, हे मालनला आईनं लहानपणीच शिकवलंय. बोललं तर बोलावं. दिलेलं खाऊ नये. आणि चल म्हणालं तर उठू नये, मग ते कितीही जवळचं असो. ती बाकाची कड घट्ट धरते.

"कुठं ठेवलाय माझ्या पोराला?" बायाक्का विचारते.

"आत हाईत. डाक्टर बघत्यात."

"आणि तू हितं पाय पसरून पडलीस. आमच्या येळंला सुना सासूच्या म्होरं बसायच्या सुदिक न्हाईत."

मेल्यावरही बायाक्काची जीभ तशीच आहे. एरवी मालन हसली असती. आज तिला घाम फुटतो, कारण बायाक्काची नजर त्या लाल दिव्यावर जाऊन थांबलीय.

"आत्ती, तुमी त्यास्नी न्यायला आलाय?"

"आले असले तर?"

"न्हाई न्यायचं." मालन उठून बसते. "मी न्हेऊ देणार न्हाई."

"तू कोण अडवणार? माझा पोरगा हाय त्यो." बायाक्का कनवटीची चंची सोडते. पान काढते, त्याला चुना लावते. तिच्या उजव्या हाताचा अंगठा मालनला ओळखीचा आहे. तरुणपणी उखळात मुसळाखाली सापडून तो चेपला, तेव्हापासून पसरट आणि एका अंगाला तिरका. "आणि ऐक. मला बोलावणं आलंय ते त्याच्यासाठी न्हाई. घे, पान खा."

मालनचा हात पुढे जातो. अर्ध्यावर तिला आईचं शिकवणं आठवतं आणि ती हात पोटाशी घेते. बायाक्का ते पान स्वतःच्या तोंडात टाकते आणि सावकाश चघळते. मग उठते आणि चालू लागते. फरशीवर तिची जोडवी वाजतात, टक, टक. मागून आणखी एक तसाच आवाज येतोय म्हणून मालन खाली बघते. तो आवाज तिच्याच पायांचा आहे. ती केव्हा उठली, तिला आठवत नाही.

"मी आले कशी तुमच्या मागं?"

"मी कुठं चल म्हणाले?" बायाक्का वळून न बघता म्हणते. "तूच आलीस."

फरशी तळव्याला गरम लागते, मग ओलसर लागते, मग पाय चिखलात जातात. दवाखान्याच्या हिरव्या भिंती हलतात, त्यांना पानं फुटलेली आहेत, कमरेएवढी उंच हळदीची पानं. कुठंतरी हळद शिजतेय, तिचा मातकट वास आणि वाफ सगळीकडे भरलीय. पाटाला पाणी सुटलंय. इतकं पाणी या पाटाला मालननं कधी पाहिलेलं नाही. ते धडाधड धडका देत येतंय, आणि प्रत्येक धडक तिच्या मानेमागे बसते.

लांब सरीच्या टोकाला सर्जेराव पाठमोरे बसलेत, हातात खोरं. "मालन," ते ओरडून सांगतात, "तुज्याकडचं दार धर गं. बांध चाललाय."

मालन धावायला बघते. पाय निघत नाहीत. चिखलात तिचे पाय टम्म फुगलेत आणि जोडवी कुठल्यातरी मुळीत अडकलीत. तिच्या पुढ्यातला बांध कडेनं ढासळायला लागतो.

"माती घाल की," बायाक्का बांधावर उभी राहून म्हणते.

"माती कुठाय?"

"पदरात काय हाय?"

"काय न्हाई."

"मालन. पदरात काय हाय?"

मालन पदर मुठीत लपवते. सासूसमोर खोटं बोलणं तिला हयातीत जमलं नाही, ते आताही जमत नाही. "गोळ्या हाईत."

बायाक्का तिच्याकडे बघत राहते. रागानं नाही, आणि तेच मालनला जास्त भिववतं. "बांध फुटायला लागलाय," बायाक्का म्हणते, "आणि तू माती पदरात बांधून हुबी."

मालन गाठ सोडायला लागते. गाठ ओली झालीय, नखाला लागत नाही. ती दातांनी ओढते. तेवढ्यात बांध जातो. पाणी तिच्या पोटऱ्यांवर आपटून पुढे निघून जातं, गरम आणि कुंकवासारखं लाल. ती "अहो, अहो" म्हणून हाक मारते. सरीच्या टोकाला कुणी नाही.

पाणी वाहत वाहत घरासमोरच्या अंगणात येतं आणि तिथं थांबतं. अंगणात बायकांची रांग लागलीय. मधे तिरडी, तिच्यावर बायाक्का निजलेली, हिरवी साडी, ओटीत नारळ. उभी बायाक्का मालनच्या शेजारी आहे आणि निजलेल्या बायाक्काकडे पारखून बघतेय. रांगेतली एकेक बाई वाकते, पायांना हात लावते, त्या भरल्या कपाळावरचं कुंकू बोटानं उचलून आपल्या कपाळाला लावते. भाग्याची बाई, अहेव गेली, नवऱ्याच्या खांद्यावरनं चालली. रांगेत मालनही आहे, वयानं निम्मी. तीही वाकते आणि कुंकू घेते. तिला तो दिवस आठवतो. तिला सासूचा हेवा वाटला होता.

"किती गर्दी झाली हुती बघ," बायाक्का म्हणते. "सगळ्या माझं पाय धरायला आलेल्या. आदल्या दिसभर मी डोस्कं धरून बसले हुते हळदीच्या खळ्यावर. तवा एक आली न्हाई."

"तुमी कुणाला सांगितलंच न्हाई, आत्ती."

"तू कुणाला सांगितलंस?"

मानेमागचं उखळ मोठ्यानं कांडायला लागतं.

"आणि त्यो बघ," बायाक्का हनुवटीनं दाखवते.

ओसरीच्या खांबाला टेकून मालनचे सासरे बसलेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बायाक्का गेल्यावर ते खूप वर्षं जगले. तिच्या नावानं हाक मारून पाणी मागायचे, मग आठवून गप्प व्हायचे, आणि कुणी आणून दिलं तरी प्यायचे नाहीत. मालननं ते सगळं बघितलंय. रोज त्यांचं ताट तिनंच वाढलं आणि अर्धं भरलेलं ताट तिनंच परत उचललं.

"माझ्या कपाळावरचं कुंकू समद्या गावानं वाटून घेतलं," बायाक्का म्हणते. "म्हाताऱ्याचं काय झालं, ते कुणी वाटून घेतलं न्हाई. ते तू एकटीनं बघितलंस. आणि बघूनबी मरगूबाईला काय मागितलंस?"

ते मालननं मनात मागितलं होतं. ओठसुद्धा हलले नव्हते.

"बोलावणं त्या मागण्यापायीच आलंय," बायाक्का म्हणते. "चल."

तो शब्द अखेर आला. बायका रांगेतून वळतात. त्यांच्यात एक नवी तिरडी आहे, मोकळी, तिच्यावर हिरवी साडी अंथरलेली. कुणीतरी मालनच्या हातात चुडा चढवतं. कुणीतरी ओटी पुढे करतं. त्यांचे हात मऊ आहेत आणि चेहरे कौतुकाचे आहेत. भाग्याची गं बाई, म्हणतात. कुंकवात बुडवलेला एक अंगठा तिच्या कपाळाकडे येतो. मालनला मागं सरता येत नाही. तिला वाटतं, एवढंच तर मागितलं होतं, मग छाती अशी का धडधडते.

ओसरीवरून हाक येते. "मालन."

खांबाला टेकून आता सासरे नाहीत, सर्जेराव बसलेत. उघड्या छातीवर वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी. दाढी वाढलेली. समोर चहाचे दोन कप, दोन्हींवर साय धरलेली. हातातलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी उलटं धरलंय आणि ते डोळे बारीक करून त्यावरचं वाचायला बघतायत. चष्मा कुठं असतो, ते त्यांना कधीच सापडलेलं नाही.

"मालन, ही पांढरी गोळी सकाळची का रातची गं?"

अंगणात कुणी उत्तर देत नाही. बायका कुंकू वाटण्यात गुंग आहेत. सर्जेराव पाकीट उलटं-सुलटं करतात आणि पुन्हा विचारतात, जरा हळू आवाजात. मग ते दुसऱ्या कपाकडे बघतात आणि पाकीट खाली ठेवून देतात.

"सकाळची," मालन ओरडते. "अहो, सकाळची हाय ती. चहासंगं." तिचा आवाज ओसरीपर्यंत पोचत नाही. ती बायकांचे हात झिडकारते. चुडा फुटतो, काचा पडतात. "मला न्हाई जायाचं, आत्ती."

"काय म्हणालीस?"

"मला न्हाई यायचं. मी चुकून मागितलं. मला जगायचं हाय."

हे शब्द तोंडातून निघाल्यावर तिलाच नवल वाटतं. जगायचं आहे, असं तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईनं असं म्हणायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला रडू येतं आणि ती सासूसमोर रडते.

बायका दिसेनाशा होतात. अंगण नाही, बाक आहे. बायाक्का पायाशी बसलीय.

"मग पाय हिकडं कर," ती म्हणते.

मालन डावा पाय पुढे करते. बायाक्का तो मांडीवर घेते आणि तो चेपलेला अंगठा घोट्याच्या वर टेकवून दाबते. हाडापर्यंत दाबते. मालन कळवळते.

"ह्यात काय हाय?"

"पाणी."

मग बायाक्का दुसऱ्या हातानं जोडव्याला धरते. बोट दोन्ही बाजूंनी फुगून जोडवं आत गेलंय, बोटाचा रंग जांभळ्यावर गेलाय. "आणि हे?"

"चांदी."

"मग ह्या दोन्हीत माझा पोरगा कुठं हाय? दाव मला."

मालन वाकून पाय बघते, जोडवं बघते.

"त्यो आत हाय, त्या दाराच्या आत," बायाक्का म्हणते. "हितं न्हाई. मी आई हाय त्येची. मला नसतं कळलं व्हय?" अंगठा ती आणखी दाबते. "ह्ये ध्यानात ऱ्हायला पायजे तुज्या."

"दुखतंय, आत्ती."

"दुखू दे."

मालन डोळे उघडते. पंखा फिरतोय. ऊन फरशीवरून भिंतीच्या पायथ्याशी सरकलंय. समोर लाल दिवा तसाच जळतोय. सारिका औषधांची पिशवी घेऊन जिन्यातून वर येतेय, अजून पुरती पोचलेलीही नाही. गालावर ओल आहे ती मालन पदरानं पुसते, आणि पदराची गाठ हाताला लागते. ती घट्ट बांधलेली आहे.

मग तिला डावा पाय दुखतोय असं जाणवतं. ती लुगडं जरासं वर घेते. घोट्याच्या वर, सुजलेल्या कातडीत, एक खळगा आहे. पसरट आणि एका अंगाला तिरका.

मालन त्यात आपला अंगठा ठेवून बघते. अंगठा आत सैल पडतो.

"काय झालं गं आई?" सारिका जवळ येऊन विचारते.

"तू माजा पाय चेपलास का आत्ता?"

"मी? मी आत्ताच येतेय. रांगेत अडकले होते." सारिका वाकून बघते. "हे कसलं पडलंय?"

मालन लेकीचाही अंगठा त्यात ठेवते. तो तर आणखीच बारीक. सारिका घाबरून आईच्या तोंडाकडे बघते. आईचा चेहरा लालबुंद झालाय आणि कपाळाच्या शिरा टरारल्यात.

मालन पदराची गाठ सोडते. या वेळी ती नखाला लागते. गोळ्या ती लेकीच्या हातावर ओतते. "ह्या मी घेतल्या न्हाईत. ह्येंना हितं आणल्यापासनं. सिस्टरला बोलव. माजं डोस्कं फुटायला लागलंय. आणि तिला म्हणावं, जोडवी कापायची हाईत."

गोळ्यांवरून रागवावं की रडावं ते सारिकाला कळत नाही. मग शेवटचं वाक्य तिच्या कानापर्यंत पोचतं आणि ती लाल दिव्याकडे बघते. "आत्ता? आई, बाबा आत आहेत. ते बाहेर तरी येऊ देत."

"आत्ताच."

सिस्टर येते, पट्टा बांधते, आकडा बघते आणि काही न बोलता डॉक्टरांना आणायला धावते. तरणा डॉक्टर मालनला उठू देत नाही. दुसरी गोळी तिच्यासमोर फोडून तोंडात घालतो, ती गिळेपर्यंत उभा राहतो, पुन्हा पट्टा बांधायला सांगतो. पायाला सूज आली तर सांगायचं, गोळी बदलता येते, पण मनानं बंद करायची नाही, असं तो बजावतो. मालन मान हलवते. मग सिस्टर बारीक दात्यांची चकती असलेलं चिमट्यासारखं हत्यार आणते. ते जोडव्याखाली सरकवताना मालन डोळे मिटत नाही. ती दिव्याकडे बघत राहते. दिव्याला काय व्हायचं ते होईल, असं ती मनाशी म्हणते, पण तिचा हात सारिकाच्या मनगटावर इतका आवळलेला आहे की लेकीच्या बांगड्या रुततात. चांदी कटकन तुटते. एक, मग दुसरं. बोटांत रक्त मोकळं होतं आणि मुंग्या येतात. दिवा जळतच असतो.

दोन्ही तुटकी जोडवी मालन पदराच्या टोकाला बांधते, गोळ्या होत्या तिथंच.

ऊन भिंत चढून खिडकीशी जातं तेव्हा दिवा विझतो. दार उघडतं. हिरव्या झग्यातले मोठे डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढतात. मालन उठून उभी राहते. तिला त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही. सारिका तिचा दंड धरते. डॉक्टर आधी पाणी मागतात, पितात, आणि मग बोलतात.

"व्यवस्थित झालंय. अजून शुद्धीवर यायचेत, उद्या भेटा." ते जायला निघतात आणि पुन्हा वळतात. "घरी बरेच महिने काळजी घ्यावी लागेल. गोळ्या पुष्कळ आहेत, वेळा चुकवून चालणार नाही. बघायला कोण आहे घरी?"

"मी हाय," मालन म्हणते.

डॉक्टर मान हलवून आत जातात. सारिका बाकावर बसून ओंजळीत तोंड घेते. मालन उभीच राहते, तळवे फरशीला पुरते टेकवून. मग ती लुगडं जरा वर घेऊन खाली बघते. एव्हाना भरून यायला हवा होता, पण घोट्याच्या वर तो तिरका अंगठा अजून उमटलेला आहे.